नोकरीचे बोलावणे आले म्हणजे

श्रोतेहो, घरातल्या मुलाला नोकरीचे पत्र आले की प्रथम पेढे येतात आणि पत्र मागाहून वाचले जाते. आनंदाला आमची हरकत नाही. पण सही होण्यापूर्वी तो कागद एकदा शांतपणे वाचावा, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट आकड्याची. पत्रात 'वार्षिक सहा लाख' असे असते आणि आपण महिना पन्नास हजार धरून मोकळे होतो. वस्तुतः हा मालकाला त्या माणसापायी येणारा सगळा खर्च असतो. हाती पडणारा पगार नव्हे. एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन २५,००० रुपये आहे. पन्नास हजारांतून मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा ३,०००, ग्रॅच्युइटीपोटी सुमारे १,२०० आणि वर्षाअखेर 'कामगिरी पाहून' द्यावयाच्या ६०,००० पैकी महिन्याचे ५,००० बाजूला काढा. उरले ४०,८००. त्यांतून नोकराचा स्वतःचा निधीचा हिस्सा ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला, की हाती येतात ३७,६००. निधी आपलाच असतो, तो बुडत नाही. पण ग्रॅच्युइटी कायम नोकरास सामान्यतः सलग पाच वर्षे भरल्यावरच मिळते आणि कामगिरीची रक्कम तर अनिश्चितच. परगावचे भाडे आणि खानावळ भागवायची ती या ३७,६०० मधूनच.

दुसरी गोष्ट बंधनाची. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातील पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला होता. मुदत संपण्यापूर्वीच तो कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली. २०२५ साली एका बँक अधिकाऱ्याच्या खटल्यातही तीन वर्षे नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये, ही अट त्याच न्यायालयाने ग्राह्य मानली. नोकरी सुटल्यानंतर अमुक ठिकाणी काम करू नये, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने सामान्यतः रद्दबातल ठरते, हे खरे. परंतु नोकरीच्या मुदतीतले बंधन निराळे. तेव्हा 'सगळेच सही करतात' हे उत्तर पुरेसे नाही.

तिसरी गोष्ट उत्तराची. करार कायद्याप्रमाणे होकार निरपवाद असावा लागतो. 'येतो, पण पगार वाढवा' असे लिहिले तर तो होकार होत नाही. तो आपला नवा प्रस्ताव ठरतो. शिवाय आपला होकार रवाना होईपर्यंत देणाऱ्यालाही आपला प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणून शंका आधी विचाराव्या, त्याही लेखी: कामाचे ठिकाण कोणते, उमेदवारीचा काळ किती, राजीनाम्याची सूचना किती दिवसांची? विचार करण्यास मुदत हवी असल्यास तारीख घालून मागावी. नुसती विचारपूस म्हणजे नकार नव्हे. समाधान झाल्यावर होकार स्पष्ट द्यावा आणि पक्के पत्र हाती आल्यावाचून जुन्या जागेचा राजीनामा देऊ नये. जायचे नसेल तर आभार मानून लवकर कळवावे. त्या जागेची वाट दुसरा कोणी पाहत असतो.

मुलगा पत्रावर प्रश्न विचारू लागला की वडीलधाऱ्यांना भीती वाटते, 'हातची नोकरी जाईल!' ही भीती आम्ही समजू शकतो. अनेक घरांनी रिकामे दिवस पाहिले आहेत. परंतु नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने जी नोकरी जाईल, तिच्यात पुढे काय वाढून ठेवले होते, याचाही विचार करावा. पेढे जरूर वाटा. फक्त सहीनंतर वाटा.