चौथीच्या स्कॉलरशिपनंतर

शाळेत पहिल्या नंबराने पास होणारी मुले मोठेपणी कोण होतात, हा प्रश्न जितक्या सहज विचारला जातो तितक्याच सहज त्याची दोन परस्परविरोधी उत्तरेही दिली जातात. हुशार पोर कुठेही टाकले तरी वर येतेच, हे पहिले उत्तर. आणि वर्गात पहिला येणारा पुढे नोकरी करतो व मागच्या बाकावरचा त्याला नोकरीवर ठेवतो, हे दुसरे. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यासारख्या, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधोमध वसलेल्या मुलखात ही उत्तरे तपासून पाहिली तर दोन्ही तोकडी पडतात. कारण दोन्हींत मुलाच्या डोक्याचा विचार आहे, परंतु त्याच्या घरापासून पुढची शाळा किती लांब आहे, तिथे राहण्या-जेवण्याची सोय कोण करणार आणि ती शाळा संपते तेव्हा सरकारी भरती चालू असते की बंद, याचा मुळीच नाही.

हुशारी मोजण्याचा शास्त्रीय प्रयत्न १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने याने सुरू केला, तो मुळात अभ्यासात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. त्याच्या चाचणीवरून पुढे बुद्ध्यांक ही कल्पना रूढ झाली : एखादे मूल आपल्या वयाच्या सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत किती पुढे वा मागे आहे हे सांगणारा आकडा, ज्यात १०० म्हणजे सरासरी. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली आणि ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती आजही मानसशास्त्रज्ञांच्या टेबलावर असते. मात्र अशी मुले पुढे काय होतात याचा पहिला मोठा शोध अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन याने १९२१ पासून घेतला. शिक्षकांना वर्गातील सर्वांत हुशार मुलांची नावे विचारून, त्या मुलांची चाचणी घेऊन, साधारण १३५ च्या वर बुद्ध्यांक असलेली सुमारे १,५०० मुले त्याने निवडली आणि त्यांना आयुष्यभर प्रश्नावल्या पाठवत राहिला. १९५६ मध्ये तो वारल्यावरही ते काम थांबले नाही.

या मुलांपैकी बहुतेकांचे बरे चालले. पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण त्या काळच्या मानाने फार मोठे होते. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी अशी सुखवस्तू माणसे त्यांतून निपजली. नोबेल पारितोषिक मात्र त्यांच्यापैकी एकालाही मिळाले नाही. ते मिळाले विल्यम शॉकली आणि लुइस आल्व्हारेझ या दोघांना, ज्यांची लहानपणी याच अभ्यासासाठी चाचणी झाली होती आणि आकडा कमी भरल्यामुळे ज्यांना वगळले गेले होते. त्याहून बोलकी आहे ती मेलिटा ओडेन या टर्मनच्या सहकारी संशोधिकेने १९६८ मध्ये मांडलेली तुलना. तिने या अभ्यासातील सर्वांत यशस्वी शंभर आणि सर्वांत कमी यशस्वी शंभर पुरुष शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा बालपणीच्या बुद्ध्यांकात नाव घेण्यासारखा फरक आढळला नाही. फरक आढळला तो चिकाटीत, आत्मविश्वासात, वडिलांच्या शिक्षणात आणि घरी पुस्तके असण्या-नसण्यात. स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या गृहिणी झाल्या, आणि त्यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष होता असे कोणी म्हणणार नाही.

कॅरन आर्नल्ड या अमेरिकन संशोधिकेनेही इलिनॉय राज्यात १९८१ साली आपापल्या शाळेत पहिल्या आलेल्या ८१ जणांचा मागोवा घेऊन १९९५ मध्ये पुस्तक लिहिले. हे पहिले आलेले विद्यार्थी कॉलेजातही चमकले आणि चांगल्या नोकऱ्यांत स्थिरावले, पण ठरलेली चाकोरी मोडून काही वेगळे उभे करणारे त्यांत विरळाच निघाले. त्यांच्यातील मुलींचा स्वतःच्या बुद्धीविषयीचा अंदाज कॉलेजच्या काळात घसरत गेला, वास्तविक त्यांचे गुण मुलांपेक्षा कमी नव्हते.

ही सगळी मुले रस्ता, शाळा आणि वाचनालय गृहीत धरलेल्या समाजातील होती. कुरखेड्यात गृहीत धरण्यासारखे फार थोडे होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा आजही बहुतांशी वनव्याप्त आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती आणि तीत अनुसूचित जमातींचा वाटा ३८ टक्क्यांहून अधिक. कुरखेडा आणि त्याला लागून असलेल्या कोरची भागात घरातली भाषा गोंडी असते, छत्तीसगढी असते किंवा झाडीबोली मराठी असते, आणि शाळेत भेटते ती पुस्तकी मराठी. अशा ठिकाणी ‘हुशार’ हा शिक्का गुरुजींच्या मनात कधीही बसला, तरी तो शाळेबाहेर मान्य होण्याची पहिली खरी संधी कित्येक वर्षे एकच होती : चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे बोलीभाषेतली स्कॉलरशिप, जी २०१७ मध्ये पाचवीला नेण्यात आली.

या परीक्षेत भाषा आणि गणित यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी असते. अंकांची मालिका पूर्ण करा, आकृतीची आरशातली प्रतिमा ओळखा, सांकेतिक लिपी उलगडा, गटात न बसणारा शब्द शोधा, असे तिचे प्रश्न. शेवटच्या प्रकारात फळे, वाहने, वाद्ये, खेळ यांची नावे येतात आणि ती शहरी पोराच्या परिचयाची असण्याचा संभव अधिक. मोह, चार, तेंदू आणि बेहडा यांपैकी कोणते झाड गटात बसत नाही आणि का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही; विचारला असता तर कुरखेड्याच्या पोराने त्याची दोन-तीन उत्तरे कारणांसह दिली असती. तरीही ही परीक्षा निरुपयोगी होती असे मानणे चुकीचे ठरेल. जिल्ह्याच्या टोकाच्या शाळेतील मुलाचे नाव त्या गावाबाहेर पोचवणारी दुसरी यंत्रणाच तेव्हा नव्हती आणि या परीक्षेतील यशाबरोबर एक ठोस गोष्ट मिळू शकत होती, ती म्हणजे शासकीय विद्यानिकेतनात प्रवेश. ग्रामीण भागातील हुशार मुलांना वेचून, सरकारी खर्चाने निवासी शाळेत दहावीपर्यंत शिकवायचे, या हेतूने राज्य शासनाने साठच्या दशकात काढलेल्या या मोजक्या शाळा होत. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच कल्पना देशभर नेली आणि जवाहर नवोदय विद्यालये निघाली. गडचिरोलीचे नवोदय चामोर्शी तालुक्यातील घोट येथे आहे.

कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी यांचा प्रवास नेमका याच दाराने झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांची हकीकत देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आली, तेव्हा ते अमेरिकेत मेरिलंड येथे सिरनॉमिक्स या औषधसंशोधन कंपनीत ज्येष्ठ शास्त्रज्ञ होते आणि आरएनए या रेणूपासून औषधे तयार करण्याच्या कामात होते. त्यांच्या बालपणी पावसाळ्याचे महिने सर्वांत कठीण जात. घरच्या तुकड्यात पीक नसे आणि हाताला कामही नसे, तेव्हा मोहाची फुले शिजवून, परसोड म्हणजे आपोआप उगवणारे रानधान गोळा करून आणि तांदळाच्या पिठाची आंबील पिऊन दिवस काढावे लागत, आणि गावातील बहुतेक घरांची हीच गत होती. सातवीपर्यंत शिकलेल्या वडिलांना शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या कसनसूर येथील आश्रमशाळेत स्वयंपाक्याची नोकरी मिळाली. आश्रमशाळा म्हणजे आदिवासी मुलांसाठीची, शिक्षणासह राहण्या-जेवण्याची सोय असलेली शाळा. तिथेच मुलाचे शिक्षण पहिली ते चौथी झाले. शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात दहावीपर्यंत, मग गडचिरोलीच्या कॉलेजातून बी. एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेतून रसायनशास्त्रात एम. एस्सी., २००३ मध्ये नागपूरच्याच लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत साहाय्यक प्राध्यापकाची नोकरी आणि तिथून अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात पीएच. डी. असा तो क्रम आहे. गावातील पहिले विज्ञान पदवीधर, पहिले पदव्युत्तर आणि पहिले पीएच. डी. तेच.

या क्रमात बुद्धी सर्वत्र आहे, हे उघडच आहे. पण प्रत्येक वळणावर दुसरेही काही आहे : वडिलांची नोकरी शेतात वा तेंदूपत्त्याच्या फळीवर नसून शाळेत असणे, चौथीच्या वयात परीक्षेला बसवणारे कोणी असणे, केळापूरला जेवण फुकट असणे. एमपीएससी म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षाही हलामी उत्तीर्ण झाले होते आणि अधिकारी होणे हाच या भागात हुशारीचा सर्वमान्य शेवट समजला जातो. तो सोडून संशोधनाकडे वळणे हा निर्णय मात्र निखळ त्यांचा. चिरचाडीत त्याच वर्षी, तितक्याच डोक्याचे आणखी एखादे पोर असेल आणि परीक्षेच्या दिवशी ते तापाने फणफणले असेल, तर त्याचे पुढे काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही.

बहुसंख्य हुशार मुलांचा मार्ग मेरिलंडकडे नव्हे तर अध्यापक विद्यालयाकडे गेला. बारावीनंतर दोन वर्षांची डी. एड. ही पदविका आणि ती होताच जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, हा गणिती मार्ग होता. प्रवेश बारावीच्या गुणांवर असल्यामुळे तालुक्यातील वरचे नंबर आपसूकच तिकडे वळत. इंजिनिअरिंगला पैसा आणि मेडिकलला शहरातले क्लास लागत, डी. एड.ला यांपैकी काहीही फारसे लागत नसे. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर काम करावे लागू लागले, तरी ओढा कमी झाला नाही, कारण तीन वर्षांनी कायम नोकरी होती. मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरती थांबवली. पाठोपाठ शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि पवित्र पोर्टलद्वारे पुन्हा भरती सुरू होईपर्यंत वर्षांमागून वर्षे गेली. एकाच शाळेतून, सारख्याच गुणांनी बाहेर पडलेल्या मुलांपैकी थोडे आधीचे गुरुजी झाले आणि थोडे नंतरचे पदविका पेटीत ठेवून धानाच्या रोवणीला लागले किंवा पोलीस भरतीच्या मैदानावर धावू लागले. अमेरिकेतील टर्मनच्या मुलांमध्येही १९२९ च्या मंदीच्या तोंडावर कॉलेजातून बाहेर पडलेल्यांची कारकीर्द त्यांच्याहून धाकट्यांच्या तुलनेत अधिक विस्कटली होती. जन्मसाल हा हुशारीच्या हिशेबातला एक मोठा आकडा आहे आणि तो गुणपत्रिकेवर कधीच दिसत नाही.

मुलींच्या बाबतीत जन्मसालाइतकीच एसटी महत्त्वाची ठरली. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना बारावीपर्यंत मोफत शाळेत नेणाऱ्या बसगाड्या सुरू होण्याआधी, दहावीला गावात पहिली आलेली मुलगी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहात जागा मिळाली नाही एवढ्याच कारणाने घरी राहू शकत असे. ज्या शिकल्या त्यांपैकी कित्येक परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या झाल्या. या कामांना हुशारीचे फलित म्हणून कोणी मोजत नाही, ही समाजाच्या मोजपट्टीची खोट आहे.

उलट्या दिशेने आलेलेही आहेत. नागपूरच्या वैद्यकीय शिक्षणात सुवर्णपदके मिळवलेले आणि पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, आणि नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची त्यांनी इथे सिद्ध केलेली पद्धत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. खुद्द कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था १९८४ पासून उभी आहे. हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेत शिकलेले डॉ. कन्ना मडावी माडिया समाजातील पहिले डॉक्टर झाले आणि याच जिल्ह्यात सेवा देऊ लागले. वर्गातील पहिला नंबर चाकोरी मोडत नाही हे आर्नल्डचे निरीक्षण या माणसांपुढे टिकत नाही. अर्थात ही माणसे थोडीच आहेत, आणि आर्नल्डही विरळा असेच म्हणते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गावांना सामूहिक वनहक्क मिळू लागले आणि बांबू-तेंदूच्या विक्रीचा हिशेब ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हापासून गावातच राहिलेल्या शिकलेल्यांना एक नवे काम लाभले आहे. दाव्याचा नकाशा वाचणे, ठेकेदाराशी करारनामा करणे, लाखोंच्या व्यवहाराची रोकडवही चोख ठेवणे हे काम बुद्धीचे आहे. पगाराच्या नोकरीची प्रतिष्ठा त्याला अजून आलेली नाही, ती यावयास हवी.

टर्मनला जे कळले ते त्याने मुलांना दर काही वर्षांनी पत्र पाठवले म्हणून कळले. आपल्याकडे शाळेच्या कार्यालयात गुणवंत विद्यार्थ्यांचा फलक असतो, त्यावर साल, नाव आणि टक्केवारी रंगवलेली असते आणि माहिती तिथेच संपते. दाखलखारीज रजिस्टरातही शाळा सोडल्याचे कारण लिहिले की पुढचे पान कोरेच राहते. कुरखेडा-कोरचीतील मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी एक साधी वही घालावी, १९९० पासून फलकावर असलेल्या प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती आज काय करते हे विचारून लिहावे, आणि फलकावर नसलेल्या पण गुरुजींना हुशार वाटलेल्या मुला-मुलींची नावेही त्यात आवर्जून घ्यावीत. या कामाला अनुदान लागत नाही, आणि ज्यांना ती मुले नावानिशी आठवतात असे गुरुजी निवृत्त झाले असले तरी अजून गावातच आहेत.