ध्वनिमुद्रणाची वाटचाल (लेखांक ६) : दालनाचा निनाद

मायक्रोफोन कितीही उत्तम असला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाज एकट्या वाद्याचा नसतो. दालनाच्या भिंती, छत आणि जमीन यांवर आदळून परतणाऱ्या ध्वनितरंगांचाही त्यात वाटा असतो. वाद्य थांबल्यावर काही क्षण रेंगाळणाऱ्या या आवाजाला निनाद म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ज्या ध्वनिमुद्रिका आजही दर्जाचा मानदंड समजल्या जातात, त्यांचे वेगळेपण यंत्रांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या निनादाविषयीच्या निर्णयात आहे.

व्हिएन्नातील सोफिएन्झाल ही वास्तू मुळात स्नानगृह होती. पुढे तिचे नृत्यगृह झाले, तरी पोहण्याच्या तलावाची पोकळी लाकडी जमिनीखाली तशीच राहिली आणि खर्जातील स्वरांना तेथे जो भरीव आधार मिळे, त्याचे श्रेय या पोकळीला दिले जाते. डेक्का कंपनीचे निर्माते जॉन कल्शॉ यांनी १९५८ ते १९६५ या काळात गेओर्ग शोल्टी यांच्या संचालनाखाली वाग्नरचे ‘रिंग’ हे चार भागांचे संगीतनाट्य येथेच मुद्रित केले. डेक्काच्या तंत्रज्ञांनी विकसित केलेल्या ‘डेक्का ट्री’ या मांडणीत संचालकाच्या डोक्यावर टी-आकाराच्या चौकटीला तीन मायक्रोफोन टांगलेले असत. ते सर्व दिशांचा आवाज टिपत असल्यामुळे वाद्यवृंदाबरोबर दालनही मुद्रित होई, आणि मधला मायक्रोफोन किंचित पुढे असल्याने डावीकडच्या व उजवीकडच्या आवाजांमध्ये खिंडार पडत नसे. गायकांच्या हालचालींसाठी रंगमंचावर क्रमांकित चौकोन आखलेले होते, तर ‘रिंग’मधील ‘राइनगोल्ड’ या भागासाठी वाग्नरने मागितलेल्या अठरा ऐरणी खरोखरच जमवण्यात आल्या, हा अट्टहास ऐकताना सार्थ वाटतो.

जॅझमध्ये माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९च्या मार्च व एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबियाच्या स्टुडिओत मुद्रित झाली. हा स्टुडिओ म्हणजे उंच छताचे जुने चर्च होते. सहा-सात वादकांचा आवाज तीन मार्गांच्या, म्हणजे शेजारीशेजारी तीन स्वतंत्र पट्टे असलेल्या, फितीवर उतरला. मात्र मार्चमधील मुद्रणाच्या वेळी मुख्य यंत्र किंचित मंद चालत होते. मंद गतीने भरलेली फीत योग्य गतीने वाजवली की आवाज वेगवान आणि चढा होतो, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही वादने मूळ पट्टीपेक्षा किंचित वर गेली. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर भरलेली राखीव फीत हाती असल्याने १९९२मध्ये ही चूक दुरुस्त झाली. तोपर्यंत स्वरांची पट्टीच चुकलेली ही ध्वनिमुद्रिका उत्कृष्ट ध्वनीसाठी वाखाणली जात होती, यावरून अचूकता आणि श्रवणसुख या दोन निराळ्या कसोट्या ठरतात.

रॉकने दालन बहुतांशी बाहेर ठेवले. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’साठी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सोळा मार्गांचे यंत्र होते आणि ध्वनिमुद्रक होते ॲलन पार्सन्स. वाद्याजवळ मायक्रोफोन ठेवून प्रत्येक आवाज शक्यतो कोरडा टिपायचा आणि निनाद नंतर हवा तेवढा मिसळायचा, ही त्या काळातील रॉकची रूढ पद्धत होती. सोळा मार्गही पुरत नसल्याने मुद्रित मार्ग एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावे लागत. प्रत्येक नकलेबरोबर फितीची खरखर वाढते, म्हणून ती दाबणारी डॉल्बी यंत्रणा या पद्धतीला आवश्यक ठरली. टांगलेल्या पोलादी पत्र्याला कंप देऊन कृत्रिम निनाद कसा निर्माण केला जातो, याचे विवेचन पुढील लेखांकात येईल.