दुष्काळातली पोरकी मुलं आणि नगरचे ह्यूम

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या हाती एक पुस्तक हटकून येतं. रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी केलेलं तेरा प्रमुख उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर, ऑक्सफर्डने १९२१ साली छापलेलं. मीही ते वर्षानुवर्षं वर्गात वापरलं. पण या भाषांतरकाराचा जन्म आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, हे मला फार उशिरा कळलं. जन्मसाल १८७७, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर. वडील रॉबर्ट ॲलन ह्यूम, अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. आज बोलायचं आहे ते या वडिलांबद्दल.

तेही इथलेच, १८४७ साली मुंबईत जन्मलेले. त्यांचे वडीलही मिशनरी. १८५४ मध्ये ते अमेरिकेला परत निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. आईने मुलांना अमेरिकेत वाढवलं आणि हा मुलगा १८७४ मध्ये पाद्री होऊन नगरला आला. १८८१ मध्ये त्यांची पत्नी ॲबी गेली. मोठा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. पुढे १८८७ मध्ये त्यांनी केटी फेअरबँक यांच्याशी लग्न केलं. त्याही इथल्याच मिशनरी घरातल्या. या घरांची एक रीतच होती. मुलं जरा मोठी झाली की शिकायला अमेरिकेत, आई-वडील इथे, आणि मधे महिन्या-महिन्यांनी येणारी टपाल. आज ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या पुणेकर आई-बापांना हे वेगळं सांगायला नको. फक्त त्यांच्याकडे व्हिडिओ कॉल नव्हता.

अशा घरावर १८९९-१९०० चा दुष्काळ आला. मोठा मुलगा तेव्हा अमेरिकेत, येलला. दुष्काळ संहितेप्रमाणे सरकार कामं काढत होतं: खडी फोडा, तलाव खणा, मजुरी घ्या. पण आई-बापच गेलेल्या मुलाचं काय? सरकारी आसरा तात्पुरता. पाऊस पडला, कामं बंद झाली, की त्या मुलाला कोणाच्या तरी हाती द्यायचं. ते हात बरेचदा मिशनचे होते. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ साप्ताहिकाने, म्हणजे संपादक लुई क्लॉप्श यांनी, वाचकांकडून पैसे जमवले. १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघालं. इथे मदतीचं वाटप करणाऱ्या मिशनऱ्यांच्या समितीचं काम ह्यूम पाहत होते. त्याबद्दल १९०१ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. भाकरी दिली आणि धर्म घेतला, असंच ना? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. उपाशी मुलाची संमती ही संमती नव्हे, हे मी तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही पटवून देईन. ते मूल ज्या घरात जेवतं त्या घरची प्रार्थना म्हणतं. पण ‘मिशनने ती मुलं घ्यायला नको होती’ म्हणणाऱ्याने पुढचंही वाक्य पुरं करावं: मग कोणी? पोरक्या मुलांना आपल्या चुलीपाशी बसवताना जात विचारणारी घरं तेव्हा भरपूर होती, आणि ती आपलीच होती.

इथे ह्यूम यांच्या आयुष्यातली एक जुनी भानगड उपयोगी पडते. १८८६ च्या सुमारास ते रजेवर अमेरिकेत होते. ख्रिस्ताचं नावही न ऐकता जे मेले त्यांचं काय, असा वाद तिथे पेटला होता. मरणानंतरही त्यांना संधी मिळू शकेल, या मताला ह्यूम यांची सहानुभूती. एवढ्यावरून मिशनचं मंडळ त्यांना परत पाठवायला कचरत होतं. अखेर १८८७ मध्ये ते परतले. आपल्याला हा शब्दच्छल वाटेल. पण दुष्काळात त्याला वजन येतं. बाप्तिस्म्याशिवाय मेलेला माणूस कायमचा बुडाला असं मानलं, तर पेज आणि बाप्तिस्मा एकाच घाईने द्यावे लागतात. तसं मानलं नाही, तर आधी पेज देता येते आणि बाकीचं पुढे पाहता येतं. ह्यूम यांनी प्रत्येक वेळी तसंच केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या विचारात ती जागा होती, एवढंच.

पुण्याजवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचे आई-वडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळातच गेले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली आणताना, आणि मग केडगावला ठेवताना, त्यांना पुस्तकातून काही शिकायचं नव्हतं. शेकडो मुली सांभाळणाऱ्या या बाईंची स्वतःची मुलगी मनोरमा पुढे शिकायला न्यूयॉर्क राज्यात होती. पुन्हा तीच टपालाची वाट.

नगरची दुष्काळातली मुलं मोठी झाली तेव्हा पोटाचा प्रश्न आला, कारण परत जायला त्यांना ना जमीन होती ना भाऊबंद. मिशनच्या उद्योगशाळेत सुतारकाम, विणकाम शिकवलं जाई. त्या शाळेला नाव होतं सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांचं, म्हणजे एका पारशी गृहस्थाचं. ह्यूम यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन १९०३ मध्ये नगरला परतली आणि तिथेच दवाखान्याच्या कामाला लागली.