फिरता दांडा, थांबलेला हात

मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या गिरण्यांत वीज येण्याआधी एकच वाफेचं इंजिन अख्खी गिरणी हाकायचं. इंजिनघरातून निघालेले जाड दोर मजल्यामजल्यावर छताखालचे लांब पोलादी दांडे फिरवत आणि त्या दांड्यांवरून पट्टे खाली साच्यांपर्यंत, म्हणजे यंत्रांपर्यंत उतरत. १९१५मध्ये खोपोलीहून टाटांची जलवीज येऊ लागली. पुढे यंत्रागणिक मोटर आली आणि छताखालचे दांडे गेले.

शेतात मात्र फिरता दांडा आजही रोज कामाला जुंपलेला आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागून इंजिनाची ताकद बाहेर काढणारा तो पीटीओ. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, द्राक्षबागेतला ब्लोअर, सगळं त्यावर चालतं. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८च्या सुमारास ही सोय ट्रॅक्टरवर बाजारात आणली. १९६३मध्ये हीच कंपनी महिंद्रा आणि व्होल्टास यांच्याबरोबर भागीदारीत उतरली आणि कांदिवलीत ट्रॅक्टर बनू लागले. त्यांतल्या व्होल्टासचं मुख्यालय चिंचपोकळीला, गिरणगावाच्या ऐन मध्यात आहे.

पीटीओचा प्रमाणवेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. ट्रॅक्टरचा दातेरी दांडा जेमतेम ३५ मिलिमीटर जाडीचा, त्याचा घेर साधारण ११ सेंटीमीटर. त्याला ओढणीचं टोक अडकलं तर सेकंदाला एक मीटर कापड गुंडाळलं जातं. सांध्यापाशी जाडी दहा सेंटीमीटर असेल, तर पावणेतीन मीटर. काहीतरी अडकलंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला अर्धा सेकंद तरी लागतो. तेवढ्यात पदर, सोगा किंवा बाही संपून गाठ शरीराशी येते. शिवाय गुंडाळलेल्या कापडाने दांडा जाड होत जातो, म्हणून ओढण्याचा वेगही वाढत जातो. ताकदवान माणूस स्वतःला सोडवून घेईल हा समज साफ चुकीचा आहे. मागे पंचवीस-तीस अश्वशक्तीचं इंजिन असतं.

ट्रॅक्टरपासून अवजारापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांत जो ‘क्रॉस’ असतो, त्याचंही एक गणित आहे. तो ३० अंशांत वाकला, तर पुढचा भाग प्रत्येक फेरीत दोनदा ४६८पर्यंत मंदावतो आणि दोनदा ६२४पर्यंत पळतो. क्रॉस धरणारी दोन्ही टोकांची दुबेळकी एका रेषेत बसवली आणि दोन्हीकडचे कोन सारखे राखले, तर एका सांध्याने केलेली ही ओढाताण दुसरा फेडतो. दुबेळकी चुकीची बसली की दांडा थडथडतो, क्रॉस लवकर झिजतो आणि तुटतो. मग फिरतं लोखंड मोकळं सुटतं.

दांड्याचं ट्रॅक्टरला बसणारं टोक, म्हणजे कपलर, काढायचा तर अवजार आधी जमिनीवर टेकवावं, पीटीओचा लिव्हर बंद, ब्रेक लावलेला, इंजिन बंद आणि चावी आपल्या खिशात. इंजिन थांबलं तरी मळणीयंत्राचं जड चाक काही वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नये. मग दांड्यावरच्या कवचाच्या साखळ्या सोडून कपलरवरची स्प्रिंगची पिन दाबायची आणि कपलर सरळ मागे ओढायचा. गंजाने धरला असेल तर तेल सोडून वाट पाहावी, अवजाराचा फिरता भाग हाताने किंचित हलवून पीळ मोकळा करावा. घण घातला तर दाते चेपतात आणि पुढच्या वेळी कपलर बसतच नाही. ट्रॅक्टर पुढे घेऊन हिसका देणं तर त्याहून वाईट. परत जोडताना पिन खोबणीत बसल्याचा आवाज ऐकावा आणि कपलर उलट ओढून खात्री करावी. दांड्याच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या निदान एक तृतीयांश तरी एकमेकींत असायला हव्यात.

पिन हरवली की तिच्या जागी लांबडा बोल्ट ठोकतात, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. कपडा अडकायला दांड्यावर आकडाच तयार होतो.

फिरत्या दांड्याचा हा धडा गिरण्या फार महागात शिकल्या. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्यात यंत्रांभोवती कुंपणाची तरतूद आली. १९४८च्या कायद्याने तर फिरत्या दांड्याला तेल घालायची वेळ आलीच, तर ते काम फक्त प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने, मालकाने दिलेल्या अंगासरशा कपड्यांत करावं आणि त्याचं नाव नोंदवहीत असावं, असं बजावलं. शेताला अशी नोंदवही नाही. १९८३चा धोकादायक यंत्रांचा कायदा आला, त्यात नावानिशी उल्लेख मळणीयंत्राचा. बाकी दांड्यांची राखण शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात.

गिरणगावातल्या कितीतरी घरांचं गाव साताऱ्यात, कोल्हापुरात, कोकणात आहे. सुगीला गेलात की ट्रॅक्टर बंद असताना दांड्यावरचं प्लॅस्टिकचं कवच साखळी सोडून हाताने फिरवून पाहा. आतला दांडा स्थिर असताना ते अलगद फिरायला हवं. अडकत असेल तर चालू दांड्याबरोबर तेही गरगरेल आणि तिथे कवच असूनही नसल्यासारखंच. त्याचं बेअरिंग बदलून साखळी पुन्हा न हलणाऱ्या भागाला अडकवा, तोवर पीटीओ चालू करू नका.