ब्लॅक बेल्टच्या पुढची परीक्षा

१९८३ ते २०११ या एकोणतीस वर्षांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो करताना ११८ मुलामुलींचा जीव गेला. नोंदी होत्या, पण वर्षावर्षाच्या अहवालांत विखुरलेल्या. नागोया विद्यापीठातले समाजशास्त्राचे अभ्यासक ऱ्यो उचिदा यांनी त्या एकत्र मांडल्या आणि ज्युदोच्या माहेरघरात खळबळ उडाली.

ही मुलं कसलेले खेळाडू नव्हती. निम्म्याहून अधिक जण पहिल्याच वर्षाचे, नुकता पांढरा पट्टा बांधलेले. बहुतेक घटना शाळा सुटल्यानंतरच्या क्लबमध्ये घडल्या आणि कारण पुन्हा पुन्हा तेच होतं: डोक्याला मार. ओसोतो-गारी नावाचा एक प्राथमिक डाव आहे. समोरच्याच्या बाजूला पाऊल टाकायचं, त्याचा तोल मागे न्यायचा आणि आपल्या पायाने त्याचा पाय मागून उडवायचा. तो थेट पाठीवर पडतो. हनुवटी छातीशी ओढून घ्यायची सवय अंगात मुरलेली नसेल तर डोक्याची मागची बाजू आपटते. कधी कधी डोकं आपटतही नाही. नुसत्या हिसक्याने कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा फाटतात आणि रक्त साचत जातं. मुलगा चालत घरी जातो, डोकं दुखतंय म्हणतो. अशा मुलाला चार दिवसांत पुन्हा मॅटवर उभं केलं, तर दुसरा हिसका जिवावर बेतू शकतो.

शिकवणाऱ्यांमध्ये ब्लॅक बेल्टची वानवा नव्हती. पण तो पट्टा सांगतो की या माणसाला डाव मारता येतो. तेरा वर्षांच्या नवख्या मुलाकडून कोणता डाव, कितव्या महिन्यात, कोणाबरोबर करून घ्यायचा आणि कधी थांबवायचं, ही वेगळी विद्या आहे. ती वेगळी शिकावी लागते आणि वेगळी तपासावीही लागते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांना हे नवं वाटलं नसतं. १८८२ मध्ये त्यांनी टोकियोच्या एइशोजी मंदिरात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या, श्रेणी आणल्या. शिक्षक तयार करणाऱ्या टोकियोच्या सरकारी विद्यालयाचे ते कित्येक वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांच्या देशात ज्युदो प्रशिक्षकांसाठी महासंघाचा परवाना यायला मात्र २०१३ साल उजाडावं लागलं.

फ्रान्समध्ये ही गोष्ट १९५५ मध्येच झाली होती. त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या कायद्याने ज्युदो आणि जुजुत्सू शिकवण्याचा व्यवसाय सरकारी नियमांखाली आला. आज तिथे दान श्रेणी हा फक्त पाया मानतात. त्यावर शरीरशास्त्र, अध्यापन, प्रथमोपचार आणि अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली क्लबमध्ये उमेदवारी. पैसे घेऊन शिकवायचं तर सरकारी व्यावसायिक ओळखपत्र लागतं. ते दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं आणि शिकवणाऱ्याचा गुन्हेगारी इतिहासही तपासला जातो. विनामोबदला शिकवणाऱ्यांसाठी महासंघाचं वेगळं प्रमाणपत्र आहे. ब्रिटनमध्ये पायऱ्या केल्या आहेत: पहिल्या पायरीवरचा प्रशिक्षक वरच्याच्या देखरेखीखाली मदत करतो, दुसरी पायरी ओलांडल्यावर वर्ग स्वतः घेतो.

जपानमधल्या पीडित पालकांनी २०१० मध्ये संघटना काढली आणि परदेशांत चौकशी सुरू केली. फ्रान्ससारख्या, लाखो लोक ज्युदो करणाऱ्या देशात अशी मृत्यूंची मालिका सापडत नाही, हे ते ठासून सांगत राहिले. त्यांना घाई होती, कारण एप्रिल २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होणार होत्या. पुढच्या वर्षी परवाना पद्धत लागू झाली: ए, बी, सी अशा श्रेणी आणि नूतनीकरणासाठी वर्गांना हजेरी. त्याच २०१३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या १५ महिला खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध केलेली तक्रार उजेडात आली आणि मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावं लागलं. प्रश्न केवळ शाळेतल्या नवख्यांपुरता नव्हता.

चांगल्या प्रशिक्षकाच्या वर्गात सुरुवातीला कोणी कोणाला पाडत नाही. मुलं पाठीवर झोपतात, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवतात, म्हणजे हनुवटी आपोआप आत येते, आणि दोन्ही हातांनी मॅटवर थाप मारतात. ही उकेमी, पडण्याची कला. मग उकिडवं बसून मागे लोळायचं, मग उभ्याने. पाडणाऱ्यालाही शिकवावं लागतं: जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, वर ओढून धरायची, म्हणजे त्याचं डोकं मॅटला लागत नाही. दिसायला कंटाळवाणं काम आहे. मुलं ‘आता खरा डाव शिकवा’ म्हणून मागे लागतात, आणि तिथेच शिकवणाऱ्याची कसोटी असते.

२०१२ पासून सलग तीन वर्षं जपानच्या शालेय ज्युदोत एकही मृत्यू झाला नाही. २०१५ मध्ये फुकुओकात माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी गेली, तीही ओसोतो-गारीनेच.

महाराष्ट्रातही सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या पटांगणात ज्युदो-कराटेचे क्लास भरतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत ज्युदो प्रशिक्षकांसाठी पदविका अभ्यासक्रम आहे, पण क्लास काढायला कोणी ती मागत नाही. पालक फी विचारतात, पुढचा पट्टा कधी मिळेल ते विचारतात. मुलाचं डोकं आपटलं तर सर काय करतात, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

जपानचा महासंघ मार्च २०२२ मध्ये आणखी पुढे गेला. प्राथमिक शाळेतल्या मुलांची देशपातळीवरची वैयक्तिक स्पर्धाच त्याने बंद केली. कोवळ्या वयात वजन उतरवायला लावणं, पालक आणि प्रशिक्षकांनी पंचांवर ओरडणं, जिंकण्याचा अतिरेक, अशी कारणं उघडपणे मांडली गेली. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते यासुहिरो यामाशिता, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचे सुवर्णपदक विजेते. मुलांपुढचं ध्येयच काढून घेतलं, अशी टीका झाली. महासंघ निर्णयावर ठाम राहिला.