उसनी बाटली

‘टोकियो स्टोरी’मध्ये (1953) ओनोमिचीहून आलेले म्हातारे सासू-सासरे विधवा सुनेच्या खोलीवर येतात. सासऱ्यांना साके आवडते, पण नोरिकोच्या घरात थेंब नाही. ती उठते, शेजारणीचं दार वाजवते आणि बाटली नि प्याले उसने घेऊन येते. आपल्याकडे अचानक पाहुणे आले की वाटीभर साखरेसाठी पोरांना शेजारी पिटाळतात, तसंच. पोटची मुलं आईबापांना कुठे ठेवायचं या विवंचनेत आणि परक्याची पोर त्यांच्यासाठी उसनवारी करतेय. दिग्दर्शक यासुजिरो ओझू मात्र त्याचं काडीचंही भांडवल करत नाही.

पन्नास वर्षांनी तैवानच्या हाउ शाओ-श्येननं ‘काफे लुमिएर’ केला. ओझूच्या जन्मशताब्दीनिमित्त 2003 साली त्याच्याच शोचिकू कंपनीनं तो करवून घेतला. त्यातही टोकियोतल्या खोलीवर योकोचे आईवडील येतात, आणि योको शेजारी जाऊन साके मागून आणते. दृश्य उसनं आणि दृश्यातली बाटलीही उसनी!

ओझूच्या प्रभावाची गोष्ट या बाटलीपासून सुरू करावी असं मला वाटतं, कारण त्याच्याकडून चोरी करणं फार अवघड आहे. ओझूचाच देशबांधव दिग्दर्शक कुरोसावा, त्याचं तसं नव्हतं. ‘सेव्हन सामुराय’ (1954) उचलून जॉन स्टर्जेसनं सहा वर्षांत ‘द मॅग्निफिसेंट सेव्हन’ केला. सर्जिओ लिओनेनं ‘योजिंबो’वरून न विचारताच ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (1964) बनवला, तेव्हा प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि कमाईतला वाटा मोजावा लागला. तिथे मुद्देमाल सापडतो: कथानक. ओझूच्या घरात शिरून चोर काय नेणार? मुलीचं लग्न ठरवायचंय, बाप एकटा पडणार आहे, कोणीतरी चहा ओततंय. असला ऐवज तर घरोघरी असतो.

मग नवखे लोक कॅमेरा नेतात. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली ठेवलेला, 50 मिलिमीटरचं भिंग लावलेला, जागचा न हलणारा कॅमेरा. मधूनच रिकामा बोळ, वाळत घातलेले कपडे. हे सहज जमतं, म्हणूनच फसवतं. महोत्सवांतून असे बरेच चित्रपट पाहिलेत. कॅमेरा खाली बसलेला असतो, दिग्दर्शक मात्र उंच आसनावर. (पहिल्यांदा ‘टोकियो स्टोरी’ पाहताना मीही अर्धा तास चुळबुळत होतो, हे कबूल केलेलं बरं.)

ओझू स्वतःही काही सोवळ्यातला नव्हता. तरुणपणी तो हॉलिवूडवेडा होता. लुबित्श आणि हॅरॉल्ड लॉइड त्याचे लाडके. ‘टोकियो स्टोरी’च्या मुळाशीही लिओ मॅकॅरीचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ (1937) आहे. तो ओझूनं नव्हे, त्याचा लेखक-सोबती कोगो नोदा यानं पाहिला होता. त्यात मुलांच्या सोयीसाठी म्हाताऱ्या जोडप्याची ताटातूट होते. मराठी वाचकाला इथे राजा परांजप्यांचा ‘ऊन पाऊस’ आठवेल. म्हाताऱ्या मास्तरांची आणि त्यांच्या पत्नीची मुलांमध्ये वाटणी होते, तो चित्रपट 1954 चा, म्हणजे ‘टोकियो स्टोरी’नंतर वर्षभरातला. आपण पाहताना डोळे पुसतो. ओझूच्या चित्रपटात मुलं वाईटही नाहीत, नुसती कामात आहेत, आणि तेच जास्त टोचतं.

‘हे फारच जपानी, परदेशात कोण बघणार’ या समजुतीमुळे ओझूला बाहेर धाडायला उशीर झाला. 1958 साली लंडनमध्ये ‘टोकियो स्टोरी’ला सदरलँड ट्रॉफी मिळाली, पण न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात तो लागला 1972 साली. ओझू त्याआधीच, 1963 मध्ये, नेमका साठाव्या वाढदिवशी गेला होता. 2012 साली ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटविषयक मासिकानं 358 दिग्दर्शकांचा कौल घेतला, त्यात ‘टोकियो स्टोरी’ पहिला आला.

जिम जार्मुशनं ‘स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज’मध्ये (1984) शर्यतीच्या घोड्यांना ओझूच्या चित्रपटांची नावं देऊन हळूच सलाम केला. फिनलंडचा आकी काउरिस्माकी ओझूच्या ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’मधल्या लाल किटलीसारखी किटली शोधतोय म्हणे. किआरोस्तामीचा ‘फाइव्ह’ (2003) ओझूला अर्पण केलेला आहे. पाण्याकाठची पाच लांबलचक दृश्यं. मला त्यात अर्पणपत्रिकेपलीकडे ओझू फारसा सापडला नाही.

तो सापडला क्लेर देनीच्या ‘35 शॉट्स ऑफ रम’मध्ये (2008). मूळ ओझूच्या ‘लेट स्प्रिंग’चं (1949). मुलीनं लग्न करावं म्हणून बाप आपणच दुसरं लग्न करतोय असं भासवतो, आणि ती गेल्यावर एकटा सफरचंद सोलत बसतो. देनीनं ते पॅरिसच्या उपनगरात, लोकल चालवणाऱ्या कृष्णवर्णीय लिओनेलच्या घरात नेलं; शिवाय आपल्या आईचं आणि आजोबांचं नातं त्यात मिसळलं. कॅमेरा खाली नाही, उलट अंगाला घासून जातो. पण सुरुवातीलाच लिओनेल घरी भाताचा कुकर आणतो. मुलीनंही नेमका तोच आणलेला असतो. ती आपला लपवते आणि त्याचा वापरायला काढते. काही बोलत नाही. ओझू असता तर एवढ्यावर त्यानं घर ओळखलं असतं.

विम वेंडर्सचं मात्र पहिल्या फेरीत जमलं नव्हतं. 1983 साली तो ओझूचं टोकियो धुंडाळायला गेला आणि त्याला पाचिंकोच्या खोल्या, मेणाचे खाद्यपदार्थ नि खडखडणाऱ्या गाड्या मिळाल्या. त्यातून झालेल्या ‘टोकियो-गा’ या माहितीपटातला जिवंत भाग एकच: ओझूचा म्हातारा छायाचित्रकार युहारु आत्सुता जमिनीवर आडवा होऊन बुटक्या कॅमेऱ्याला डोळा लावून दाखवतो, ओझूची आठवण सांगता सांगता रडतो आणि आता मला एकटं राहू द्या म्हणतो.

चाळीस वर्षांनी ‘परफेक्ट डेज’मध्ये (2023) वेंडर्सनं टोकियोतल्या सार्वजनिक शौचालयांच्या सफाई कामगाराला नाव दिलं हिरायामा. ‘टोकियो स्टोरी’तल्या कुटुंबाचं आडनावही हेच. एका रात्री घर सोडून आलेली भाची त्याच्या दाराशी उभी असते. तो फारसे प्रश्न विचारत नाही. वरची खोली तिला देतो आणि स्वतः खाली, सामानाच्या गर्दीत अंथरूण घालतो.