प्रतिकारशक्तीच्या नजरेआड

डिसेंबर २०२४. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या रुग्णालयात एका ४२ वर्षांच्या रुग्णाला भूल देऊन त्याच्या हाताच्या कोपराखालील स्नायूत १७ ठिकाणी इंजेक्शने देण्यात आली. या माणसाला लहानपणापासून, म्हणजे तब्बल ३७ वर्षे, टाइप १ मधुमेह होता. त्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयारच होत नव्हते. त्या इंजेक्शनांत एका मृत दात्याच्या स्वादुपिंडातून काढलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या सुमारे आठ कोटी पेशी होत्या.

अशा पेशींचे प्रत्यारोपण नवे नाही. नवे होते ते पुढचे. प्रत्यारोपणानंतर प्रत्येक रुग्णाला द्यावीच लागतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे या रुग्णाला दिलीच नाहीत. एक गोळीही नाही. तरीही १२ आठवड्यांनंतर त्या पेशी जिवंत होत्या आणि जेवणानंतर त्यांच्यातून इन्सुलिन स्रवत होते.

दुसऱ्याची पेशी शरीरात आली की आपली प्रतिकारयंत्रणा ती नष्ट करते. जवळपास प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने मिरवत असते. हे तिचे ओळखपत्र. टी-पेशी ते तपासतात आणि परके दिसले की हल्ला चढवतात. टाइप १ मधुमेहात तर दुहेरी अडचण असते. या रुग्णांच्या टी-पेशींनी स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. त्यामुळे नव्या पेशी परक्या म्हणूनही नकोशा आणि इन्सुलिनवाल्या म्हणूनही.

यावरचा आजवरचा उपाय म्हणजे पहारेकऱ्यालाच गुंगी देणे. कॅनडातील एडमंटनच्या डॉक्टरांनी २००० साली सात रुग्णांचे इन्सुलिन अशा प्रत्यारोपणाने थांबवून दाखवले, पण औषधे चालूच ठेवावी लागली. दात्यांच्या तुटवड्यावरही आता उत्तर सापडते आहे. स्टेम सेल, म्हणजेच मूलपेशी, प्रयोगशाळेत हव्या तितक्या वाढवून त्यांच्यापासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी घडवता येतात. व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीच्या अशा पेशींची चाचणी जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. निकाल थक्क करणारा आहेच. पण त्याच चाचणीतला एक रुग्ण मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने दगावला. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसांनाच ही बुरशी सहसा गाठते. ही औषधे मूत्रपिंडालाही अपाय करू शकतात. रोज इन्सुलिन टोचून बरी चाललेली मुलगी किंवा मुलगा या औषधांच्या हवाली करायला कोणते आईबाप तयार होतील?

म्हणून प्रश्न उलटा विचारला गेला. पहारेकऱ्याला गुंगी देण्याऐवजी पाहुण्याचेच रूप बदलले तर?

डॉ. सोन्या श्रेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली मूलपेशींमध्ये नेमके हेच केले. त्यांनी दोन जनुके बंद केली. त्यामुळे एचएलएचे दोन्ही प्रमुख प्रकार पेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसे झाले आणि टी-पेशींना तपासायला ओळखपत्रच उरले नाही. मात्र शरीरात ‘नॅचरल किलर’ नावाच्या आणखी एका तुकडीची गस्त असते, आणि तिचा नियम नेमका उलटा आहे. ओळखपत्र नसलेली पेशी दिसली की ती संशयित ठरते. यावर तोड म्हणून सीडी४७ हे प्रथिन पेशींवर भरपूर प्रमाणात चढवण्यात आले. ‘मला खाऊ नकोस’ असा त्याचा निरोप असतो. ही युक्ती निसर्गातलीच आहे. अर्धा परका असलेला गर्भ आई नऊ महिने सांभाळते, आणि वारेच्या ज्या थराचा आईच्या रक्ताशी संबंध येतो तिथे हेच प्रथिन मुबलक असते.

उप्सालाच्या रुग्णाला दिलेल्या पेशी दात्याच्या होत्या, पण त्यांच्यावर हेच तीन बदल केलेले होते. यातली गंमतीची गोष्ट म्हणजे बदल सगळ्या पेशींत पुरते झालेच नाहीत. काही पेशी जशाच्या तशा राहिल्या. काहींचे एचएलए गेले, पण सीडी४७ चढले नाही. उरलेल्यांत तिन्ही बदल झाले. एकाच माणसाच्या एकाच हातात तीन प्रकारच्या पेशींची परीक्षा आपोआप लागली. न बदललेल्या पेशींवर टी-पेशी आणि प्रतिपिंडे तुटून पडली. अर्धवट बदललेल्या पेशींना दुसऱ्या तुकडीने टिपले. पूर्ण बदललेल्यांना कोणी हात लावला नाही. म्हणजे रुग्णाची प्रतिकारशक्ती झोपलेली नव्हती. ती पूर्ण जागी होती आणि तरीही तिला या पेशी दिसल्या नाहीत. एकाच रुग्णावरचा प्रयोग असूनही त्याचे वजन आहे ते यामुळे.

रुग्ण बरा झाला, असा मात्र याचा अर्थ नाही. पद्धत सुरक्षित आहे का, एवढेच पाहायचे असल्याने पेशींची मात्रा मुद्दाम अगदी कमी ठेवली होती. त्याला बाहेरून इन्सुलिन घ्यावेच लागत होते.

पुढचा टप्पा हेच बदल मूलपेशींत करून त्यांच्यापासून इन्सुलिनच्या पेशी घडवण्याचा आहे. तिथे एक मोठी सोय आहे. तिन्ही बदल नीट झालेली एकच मूलपेशी निवडून तिची वाढ केली की साऱ्या पेशी सारख्याच निघतात, अर्धवट बदललेल्या उरत नाहीत. पण खरा धोकाही तिथेच आहे. घडवताना एखादी मूलपेशी कच्ची राहिली, तर तिची गाठ होऊ शकते. एखादी पेशी पुढे कर्करोगाच्या वाटेला लागली किंवा तिच्यात विषाणू शिरला, तर एरवी तिला हेरणारी यंत्रणाच तिच्यापुरती आंधळी केलेली असेल. यासाठी विशिष्ट औषध दिले की बदललेल्या पेशी मरतील, अशी कळ पेशीतच बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ती कळ माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षांनंतरही हमखास चालते, हे सिद्ध व्हायला वेळ लागेल. इथे घाई परवडणारी नाही.

आपल्याकडे मधुमेहापासून गुडघेदुखीपर्यंत कशावरही ‘स्टेम सेल’ची जाहिरात करणारी क्लिनिके आहेत. रक्ताचे काही आजार आणि तत्सम मोजक्या कारणांसाठी होणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’च्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून प्रयोगाच्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. मुलाच्या मधुमेहासाठी कोणी मूलपेशींचे लाखांचे पॅकेज पुढे केले, तर आधी नोंदणी क्रमांक मागावा.